बैठकीवरच्या श्रोत्याचे अर्थकारण

डिसेंबरचा मध्य आला की वाशीम, कारंजा, रिसोड या गावांतून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या बसगाड्यांत दोन-चार तरी प्रवासी असे असतात, की ज्यांचे पुण्यात ना न्यायालयात काम असते, ना रुग्णालयात. एखादा निवृत्त शिक्षक, एखादा औषधविक्रेता, तबल्याच्या शिकवण्यांवर गुजराण करणारा एखादा वादक, आणि फार झाले तर एखाददुसरा विद्यार्थी. ४०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ही मंडळी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जातात, मांडवातील बैठकीवर चार-पाच दिवस काढतात आणि परत येतात. प्रस्तुत लेखकही सवडीप्रमाणे या मंडळींत सामील होत आला आहे. या प्रवासाचा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. जाण्यायेण्याचे भाडे, राहण्या-जेवण्याचा खर्च आणि बुडालेल्या कामाचे मोल यांची बेरीज केली असता, ज्या गाण्यासाठी हा सारा खटाटोप, त्या गाण्याच्या बैठकीच्या तिकिटाचा वाटा त्या बेरजेत सर्वांत लहान असतो. वाशीमचा रसिक संगीतासाठी पैसे मोजीत नाही, असे जे सरसकट म्हटले जाते ते यामुळे खरे ठरत नाही. तो पुष्कळ मोजतो. परंतु ते पैसे कलावंताच्या हाती न पडता वाहतूकदाराच्या आणि लॉजमालकाच्या हाती पडतात. हे असेच चालावे काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि रसिकतेच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो.

या महोत्सवाचा जन्म गुरुऋणातून झाला. किराणा घराण्याचे थोर गायक आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात संगीतोत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने तो आजतागायत भरत आला आहे. आरंभी तो थोड्या जाणकारांचा मेळावा होता. पुढे रेणुका स्वरूप प्रशालेचे मैदान, मग रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलचे मैदान आणि अलीकडे मुकुंदनगरातील महाराष्ट्रीय मंडळाचे क्रीडासंकुल, असा त्याचा पसारा वाढत गेला. २०११ मध्ये पंडितजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. करोनाच्या साथीत त्याला खंड पडला, २०२२ च्या डिसेंबरात तो पुन्हा उभा राहिला, आणि २०२४ मध्ये त्याचे ७० वे वर्ष साजरे झाले. वऱ्हाडातील वाचकांना येथे एक आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते. रामभाऊंना ‘सवाई गंधर्व’ हे नाव मिळाले ते अमरावतीत, दादासाहेब खापर्डे यांच्या तोंडून, असे सांगितले जाते. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा १९२० मधील जन्म मूर्तिजापूरचा, म्हणजे कारंज्याच्या अगदी शेजारचा. पदवी द्यायला वऱ्हाड, गायक द्यायला वऱ्हाड. ऐकायला मात्र पुण्याचे तिकीट काढावे लागते!

मांडवात प्रवेश केल्यावर समाजरचनेचा एक नकाशाच पुढे मांडलेला दिसतो. व्यासपीठाजवळ सोफे, त्यामागे वा बाजूला खुर्च्या, आणि उरलेल्या विस्तीर्ण जागेवर भारतीय बैठक. तीन वर्गांचे तीन दर. सोफ्यावरील मंडळी येतात-जातात. त्यांची जागा राखीव असल्याने त्यांना घाई नसते. बैठकीवरचा श्रोता मात्र दार उघडण्यापूर्वी रांगेत उभा असतो, आत येताच घडीची चादर अंथरून चार जणांची जागा धरतो आणि पुढील पाच-सहा तास त्या चादरीशी प्रामाणिक राहतो. शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. एकदा मिरजेकडील एक तंबोरे बनविणारे गृहस्थ शेजारी होते; भोपळा कोणत्या महिन्यात वाळवावा यावर त्यांनी मध्यंतरात जे सांगितले, ते कोणत्याही पुस्तकात प्रस्तुत लेखकास आढळलेले नाही. मांडवाबाहेर खाद्यपदार्थांची दुकाने, पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका यांची विक्री, जुन्या मैफलींच्या छायाचित्रांचे प्रदर्शन, आणि सकाळच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी ‘षड्ज’ या नावाने कलावंतांवरील माहितीपट व ‘अंतरंग’ या नावाने मुलाखती, असा सारा परिवार या महोत्सवाभोवती जमला आहे. एवढ्या गर्दीत गाणे खरोखर ऐकू येते काय, अशी शंका छोट्या बैठकीचे कट्टर भक्त काढतात. ती अगदीच निराधार नाही. तरीसुद्धा विलंबित ख्यालातील समेवर हजारो माने एकदम हलतात तेव्हा त्यांपैकी निम्म्या माना शेजाऱ्याकडे पाहून हललेल्या असतात, हेही या महोत्सवाचे एक मोठे काम आहे. श्रोता असाच तयार होतो. पुढच्या वर्षी तीच मान आपणहून हलते.

आता या साऱ्याचा खर्च भागतो कसा? १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या आर्थिक कोंडीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो आणि त्या बळावर मजुरी वाढत जाते. परंतु चार वादकांनी मिळून वाजवावयाची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ घेई तितकाच आजही घेते आणि आजही तिला चारच वादक लागतात. कलावंताने इतरांच्या बरोबरीने जगावयाचे तर त्याची बिदागी वाढलीच पाहिजे. उत्पादकता मात्र वाढू शकत नाही. म्हणून मैफल ही वर्षानुवर्षे, इतर वस्तूंच्या तुलनेत, महाग होत जाणार. आपल्याकडे हा सिद्धान्त ताडून पाहावयाचा तर ख्यालासारखे उदाहरण नाही. एक गायक, तंबोऱ्यावर दोघे शिष्य, तबला आणि संवादिनी : १९५३ मध्ये यमन मांडावयास जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकीच माणसे आणि तितकाच वेळ आजही लागतो. निम्म्या वेळात उरकलेला यमन दुप्पट कार्यक्षम ठरत नाही, तो निम्माच यमन असतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एकच वाट भारतीय संगीताला सापडली, ती म्हणजे ध्वनिक्षेपक आणि मोकळे मैदान. गायकाचा आवाज दिवाणखान्यापुरता होता तोवर त्याचा खर्च संस्थानिक, सावकार किंवा एखादा शौकीन वकील उचलीत असे. ध्वनिक्षेपकाने तोच आवाज दहा हजारांपर्यंत पोचविला आणि संस्थानिकाच्या जागी दहा हजार तिकिटे उभी राहिली. संस्थाने खालसा झाल्यानंतरच्या दहा वर्षांत हा महोत्सव रुजावा, यात प्रस्तुत लेखकास केवळ योगायोग दिसत नाही. संगीताचा आश्रयदाता बदलला आणि नवा आश्रयदाता जमिनीवर मांडी घालून बसला होता.

मात्र ज्या ध्वनिक्षेपकाने हे केले, त्यालाच पुढे वेळेची मर्यादा आली. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वर्ज्य केला. पुढे राज्य शासनांना वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत सैल करण्याची मुभा मिळाली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. रात्रभर चालून पहाटे संपणारा सवाई गंधर्व महोत्सव त्यामुळे दुपारी सुरू होऊन रात्री संपू लागला. नियम चुकीचा आहे असे म्हणणे नाही. रुग्ण, वृद्ध आणि परीक्षार्थी यांची झोप हाही सार्वजनिक ठेवाच आहे, आणि लग्नाच्या वरातीतील भिंतीएवढे कर्णे ज्यांनी आपल्या दारात सोसले आहेत त्यांना हे सांगावयास नको. परंतु या नियमाची किंमत कोणी भरली याची नोंद असावी. उत्तररात्रीचा मालकंस, दरबारी आणि पहाटेचा ललित, भटियार हे राग उघड्या मैदानातून जवळजवळ हद्दपार झाले. जुने श्रोते थंडीत कुडकुडत पहाटेची वाट पाहिल्याच्या गोष्टी सांगतात. आजच्या विद्यार्थ्याला हे राग त्यांच्या वेळी ऐकावयाचे तर ते यंत्रातूनच ऐकावे लागतात.

मोकळ्या मैदानाचा खर्च कोणी भरावा, या प्रश्नाची उत्तरे जगात निरनिराळी दिली गेली आहेत. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे एका गवळ्याच्या शेतावर वुडस्टॉकचा प्रसिद्ध महोत्सव भरला. तीन दिवसांचे तिकीट आगाऊ घेतल्यास १८ डॉलर होते. माणसे इतकी लोटली की कुंपण पुरे होण्याआधीच ते निरुपयोगी ठरले आणि महोत्सव फुकट जाहीर करावा लागला. चार लाखांहून अधिक लोक आले असा अंदाज सांगतात. पहिल्या रात्री पावसात पं. रविशंकर यांनी तेथे सतार वाजविली. संयोजक कर्जात बुडाले, आणि १९७० मध्ये निघालेल्या चित्रपटाने व ध्वनिमुद्रिकांनी त्यांना हळूहळू वर काढले. फुकट महोत्सवाचा खर्च अखेर कोणीतरी भरतोच. तेथे तो घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्यांनी भरला. मुंबईत १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव प्रेक्षकांस विनामूल्य आहे, तो पुरस्कर्त्यांच्या बळावर. पणजीत २०१६ पासून भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव एका उद्योगपतीच्या प्रतिष्ठानाच्या आधाराने चालतो. दोन्ही ठिकाणी उत्तम कला पाहावयास मिळते, याबद्दल वाद नाही. परंतु पुरस्कर्ता जाहिरातीच्या दृष्टीने हिशेब करतो. जेथे ग्राहक दाट तेथे त्याचा पैसा. वाशीमच्या मैदानावर आपला फलक लावण्यास तो सहसा राजी होणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाने काढलेली तोड या दृष्टीने शहाणपणाची आहे. पुरस्कर्ते तेथेही आहेत, सोफ्यांचे चढे दरही आहेत; परंतु त्यांच्या जोरावर बैठकीचा दर विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहतो. सोफा बैठकीला पोसतो. अर्थशास्त्रात यास परस्पर-साहाय्याची किंमत-रचना म्हणता येईल. आपल्या भाषेत, पंगतीत ज्याच्या पानात अधिक त्याने थोडे सरकवणे. मात्र हे गणित नाजूक आहे. ख्यातनाम कलावंतांची बिदागी, मांडव आणि ध्वनियोजना यांचे दर वाढत गेले की पहिला मोह होतो तो बैठकीची जागा आक्रसून तेथे खुर्च्या मांडण्याचा. बैठकीच्या एका खणात जितकी माणसे मावतात तितकी खुर्च्यांत मावत नाहीत, पण खुर्ची अधिक पैसे देते. ज्या दिवशी कोणत्याही मैदानी महोत्सवात बैठक ही केवळ शोभेची पट्टी उरेल, त्या दिवशी तो महोत्सव उघड्यावर भरलेले नाट्यगृह होईल, आणि बाहेरगावाहून रात्रीच्या गाडीने येणारा श्रोता प्रथम गळेल.

शासनाने भरविलेले महोत्सव हा तिसरा मार्ग. वेरूळ-अजिंठा महोत्सव कैलास लेण्याच्या परिसरात सुरू झाला, पुढे औरंगाबाद शहरातील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, सोनेरी महालाजवळ आला, मग काही वर्षे बंदच राहिला आणि २०२३ मध्ये पुन्हा भरला. २०२४ च्या सुरुवातीस शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त राज्य शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव भरविले. स्थानिक लोककलावंतांना त्यांत व्यासपीठ मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ज्या महोत्सवाची तारीख अंदाजपत्रकावर आणि निमित्तावर अवलंबून, त्याचा श्रोता घडत नाही. पुण्याच्या माणसाला पुढील डिसेंबरात काय करावयाचे ते या डिसेंबरात ठाऊक असते. आपल्याला मात्र महोत्सव झाल्याचे कित्येकदा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते.

फुकटपणाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अधिक खोल आहे. काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्रस्तुत लेखक अशाच एका विनामूल्य सांगीतिक संध्येस गेला होता. सहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळे आणि सात भाषणे झाल्यावर बाहेरगावच्या गायिकेने तंबोरा जुळविला तेव्हा नऊ वाजून गेले होते. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावयाचा असल्याने तिला अर्ध्या तासात आटोपते घेण्याची चिठ्ठी पोचली. श्रोत्यांपैकी कोणी ब्र काढला नाही, प्रस्तुत लेखकानेही नाही. काढणार कसा? ज्याने काही दिले नाही, त्याला मागता येत नाही. त्याच श्रोत्यांनी प्रत्येकी पन्नास रुपये मोजले असते तर तिसऱ्या भाषणालाच मागून टाळ्यांचा कडकडाट झाला असता. तिकीट ही केवळ वसुली नव्हे, तो श्रोत्याचा मताधिकार आहे.

येथे असा आक्षेप येईल, की वाशीम हा गरीब जिल्हा आहे. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भाचा तो भाग आहे. अशा ठिकाणी संगीत महोत्सवाची भाषा चैनीची वाटेल. परंतु संगीतावर खर्च न करणारा हा प्रदेश आहे काय, ते पाहावे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहासाठी पावतीपुस्तके फिरतात, कीर्तनकारांची तारीख वर्ष-वर्ष आधी धरली जाते, गायनाचार्य, मृदंगाचार्य यांची बिदागी ठरते आणि ती चुकती होते. होळीला तांड्यातांड्यांवर लेंगीचे सूर उठतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी देशभरातून बंजारा समाज लोटतो, नंगाऱ्याच्या ठोक्यावर भजने चालतात, आणि स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरील आरसेकाम व कशिदा पाहिला की कलाप्रदर्शनासाठी वेगळे दालन हवे असे वाटत नाही. तेथे २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा वस्तुसंग्रहालयात आला. तो वाजविणाऱ्याची बिदागी मात्र अजून कोणी ठरविलेली नाही.

म्हणजे उघड्यावर, जमिनीवर बसून, तासनतास ऐकण्याची सवय येथे पुण्याहून जुनी आहे. पूर्वीच्या काळाविषयी तर बोलावयासच नको. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह याच नगरीत झाला, असे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त लिहून ठेवले आहे. ज्या गावात साहित्यविद्येचे लग्न लागले, त्या गावातील पदवीच्या वर्गात मी दरवर्षी विचारतो, तेव्हा समोर बसून शास्त्रीय गायन ऐकलेला विद्यार्थी क्वचितच हात वर करतो. उणीव कानांची नाही. तिकीट काढून ऐकण्याची व्यवस्था कोणी उभी केली नाही, एवढीच आहे.

अशी व्यवस्था ग्रामीण भागात उभी राहू शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी विदर्भाच्याच पूर्व टोकाकडे पाहावे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि होळीपर्यंत जागी राहते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे थाटलेली असतात. गावातील मंडळ कंपनीशी रक्कम ठरविते, कनात ठोकते, तिकिटे विकते आणि उरेल तो नफा गावाच्या कामाला लावते. नाटकासाठी लेकी-जावई गावी येतात, मुलींची स्थळे पाहिली जातात, रात्रभर प्रयोग चालतो. या प्रदेशातील आदिवासी आणि धानउत्पादक शेतकरी वाशीमच्या सोयाबीनउत्पादकाहून सधन आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही ही रंगभूमी अनुदानावर नव्हे, तिकिटावर उभी आहे. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी तिचे नाव प्रथमच ऐकले असेल. तिला त्यावाचून काही अडले नव्हते. तिच्या नाटकांच्या दर्जाविषयी मतभेद असू शकतील. तिच्या जमाखर्चाविषयी नाहीत.

म्हणून वाशीमपुरता एक कच्चा हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. दोन संध्याकाळींचा महोत्सव, प्रत्येक संध्याकाळी १,५०० श्रोते, म्हणजे दर ८०० माणसांमागे एक. त्यांपैकी १,२०० बैठकीवर, प्रत्येकी १०० रुपये. ३०० खुर्च्यांवर, प्रत्येकी ३०० रुपये. एका संध्याकाळचे २,१०,००० आणि दोन संध्याकाळींचे ४,२०,००० रुपये झाले. पहिल्या वर्षी निम्मेच श्रोते येतील असे धरावे. तेव्हा वर्गणीदारांचे पाठबळ लागेल, आणि सप्ताहाला ते मिळते तसे यालाही मिळविता येईल. एवढ्या रकमेत देशातील अग्रगण्य नावे येणार नाहीत हे उघड आहे. परंतु नागपूर, अमरावती, पुणे, धारवाड येथे तिशी-चाळिशीतील तयारीचे गायक-वादक असे पुष्कळ आहेत, की ज्यांना वर्षातून मोजक्याच मैफली मिळतात. शिवाय एका संध्याकाळचा पहिला तास नंगारा, लेंगी वा जिल्ह्यातील भजनी मंडळासाठी राखावा; मानाचा विडा म्हणून नव्हे, रीतसर बिदागी ठरवून. १०० रुपये म्हणजे किती, हेही पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा जाहीर हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो हाती पडलाच, तर बैठकीचे तिकीट दोन किलोंहूनही कमी सोयाबीनचे होते.

कायद्याची आडकाठी येथे फारशी नाही. २०१८ पासून संगीताच्या कार्यक्रमांची प्रत्येकी ५०० रुपयांपर्यंतची तिकिटे वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. शास्त्रीय आणि लोककलांच्या कलावंतांना एका कार्यक्रमासाठी दीड लाख रुपयांपर्यंत मिळणाऱ्या मानधनावरही तो कर लागत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. नागपूरहून दुपारी निघालेला कलावंत संध्याकाळी येथे पोचू शकतो. अट एकच असावी, आणि ती पावतीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापावी : फुकट पास कोणासही नाही. आमदारांस नाही, अधिकाऱ्यांस नाही, पत्रकारांस नाही आणि प्राध्यापकांस तर मुळीच नाही. भाषणे नाहीत. गाण्याची वेळ छापील असेल तीच.

दिवस जानेवारीच्या उत्तरार्धातील धरावेत. सोयाबीन तोवर बहुतेक विकून झालेले असते, तूर खळ्यावर येत असते, हरभरा शेतात उभा असतो, परीक्षा अजून दूर असतात आणि पुण्याचा महोत्सव होऊन महिना लोटलेला असतो. राहता राहिला रात्री दहाचा प्रश्न. मध्यरात्रीपर्यंत मुभा असलेल्या १५ दिवसांची यादी दरवर्षी जिल्हाधिकारी जाहीर करतात. गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि वर्षअखेर यांत तिचा बहुतेक भाग संपतो, तरी एखाददुसरा दिवस स्थानिक गरजेनुसार मोकळा ठेवण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. वाशीमच्या यादीत असा एक दिवस मिळाला तर दोनपैकी एका संध्याकाळी बारापर्यंत दरबारी ऐकता येईल. त्यासाठीचा अर्ज यादी तयार होण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबर संपण्याच्या आत, कार्यालयात पोचावयास हवा.